माहिती आयोगाने अपील फेटाळलं, आता उच्च न्यायालयात कसं जायचं?

राज्य माहिती आयोगाचा आदेश हातात पडला आहे, त्यात शेवटी ‘द्वितीय अपील फेटाळण्यात येत आहे’ किंवा ‘निकाली काढण्यात येत आहे’ असं लिहिलंय, आणि पुढे कुठे जायचं ते कुणी सांगत नाही, अशा माणसासाठी हा लेख आहे. कोर्टाची पायरी कधीच चढलेली नाही असं गृहीत धरून लिहितोय.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्ये पायऱ्या मोजक्या आहेत. अर्ज, मग प्रथम अपील, मग ९० दिवसांच्या आत आयोगाकडे द्वितीय अपील. त्याच्या वर कायद्याने अपील ठेवलेलंच नाही. कलम १९(७) म्हणतं, आयोगाचा निर्णय बंधनकारक. कलम २३ म्हणतं, या कायद्याखालच्या आदेशाविरुद्ध कोणत्याही न्यायालयाने दावा किंवा अर्ज दाखल करून घेऊ नये. ही दोन कलमं वाचून पुष्कळ लोक फाइल बांधून माळ्यावर टाकतात. कार्यालयातले लोकही ‘आता काही होत नाही’ असं सांगून मोकळे होतात.

होतं. संविधानाच्या अनुच्छेद २२६ आणि २२७ नुसार उच्च न्यायालयाला आयोगाचा आदेश तपासता येतो, आणि हा अधिकार साध्या कायद्याने काढून घेता येत नाही. एल. चंद्रकुमार प्रकरणात (१९९७) सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने तो संविधानाच्या मूलभूत चौकटीचा भाग मानला. म्हणून तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या दिवाणी कोर्टात जायचं नाही, थेट उच्च न्यायालयात रिट याचिका (सरकारी प्राधिकरणाचा आदेश रद्द करावा किंवा त्याला कर्तव्य करायला लावावं म्हणून केलेली याचिका) करायची.

मात्र ही याचिका म्हणजे तिसरं अपील नव्हे. लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही. उच्च न्यायालय तुमचा मूळ अर्ज घेऊन माहिती द्यावी की नाही याचा पहिल्यापासून विचार करत बसत नाही. आयोगाने निर्णय देताना कायद्याची चूक केली का, एवढंच ते बघतं. सय्यद याकूब प्रकरणापासून (१९६४) हीच रीत आहे: वस्तुस्थितीबद्दल आयोगाचं मत न्यायालयाला पटलं नाही, तरी तेवढ्यावर आदेश रद्द होत नाही. शालिनी शेट्टी प्रकरणात (२०१०) सर्वोच्च न्यायालयाने २२७ खालचा अधिकार जपून वापरायला सांगितलं, आणि ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातूनच गेलेलं होतं. ‘माझ्यावर अन्याय झाला’ हे वाक्य तिथे पुरत नाही. अन्याय आदेशाच्या कुठल्या परिच्छेदात झाला, ते दाखवावं लागतं.

आयोग दुसराच असेल तर

इथे मी माहिती आयोगाचा रस्ता सांगतोय. प्रत्येक आयोगाचा रस्ता वेगळा असतो, म्हणून आधी त्या आयोगाचा कायदा उघडून ‘अपील’ हे कलम शोधा. जिल्हा ग्राहक आयोगाच्या आदेशाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य ग्राहक आयोगाकडे अपील असतं. मूळ तक्रारीवर राज्य आयोगाने दिलेल्या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत राष्ट्रीय आयोगाकडे जाता येतं. वीज नियामक आयोगाच्या आदेशाविरुद्ध ४५ दिवसांत दिल्लीच्या विद्युत अपील न्यायाधिकरणाकडे जायचं असतं. कायद्याने अपील दिलेलं असताना ते सोडून उच्च न्यायालयात गेलात, तर बहुधा ‘आधी तिकडे जा’ असं सांगून परत पाठवतात, आणि तोवर अपिलाची मुदत टळलेली असते. माहिती आयोगाच्या बाबतीत अपीलच नसल्यामुळे ही अडचण येत नाही.

पहिलं काम: आदेश वाचणं

वकिलाकडे जाण्याआधी आदेश स्वतः वाचा, हातात पेन्सिल घेऊन वाचा. शेजारी तुमचा मूळ अर्ज, जन माहिती अधिकाऱ्याचं उत्तर, प्रथम अपिलाचा निर्णय आणि द्वितीय अपिलाची प्रत ठेवा. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या, कारण याचिका या वाचनातूनच उभी राहते.

आधी हे बघा की आयोगाने निर्णय दिलाय तो अपिलावर की तक्रारीवर. कलम १९(३) खाली असतं ते द्वितीय अपील, कलम १८ खाली असते ती तक्रार. नवखे अर्जदार या दोन्हींत हमखास गोंधळतात. सर्वोच्च न्यायालयाने मणिपूरच्या प्रकरणात (२०११) स्पष्ट केलं की कलम १८ च्या तक्रारीवर आयोग चौकशी करू शकतो, शास्ती (दंड) लावू शकतो, पण माहिती देण्याचा आदेश देऊ शकत नाही. तुम्ही तक्रार केली होती आणि आयोगाने ‘माहिती देण्याचा आदेश देता येत नाही’ म्हटलं असेल, तर आयोग बरोबर आहे. त्या आदेशाविरुद्ध कोर्टात पैसे घालवू नका. प्रथम अपिलाची मुदत उरली असेल तर अपील करा, नसेल तर नवीन अर्ज करून पुन्हा सुरुवात करा.

प्रकरण अपिलाचंच असेल तर मग चुका शोधायच्या. माहिती आयोगांच्या आदेशांत त्या साधारण ठरावीक जागी सापडतात.

कारणच दिलेलं नसणं ही सगळ्यात मोठी. ‘उभय पक्षांचे म्हणणे ऐकले, कागदपत्रांचे अवलोकन केले, जन माहिती अधिकारी यांनी माहिती दिलेली आहे, सबब अपील निकाली’ अशा धाटणीचा आदेश असतो. कुठली माहिती दिली, कोणत्या तारखेला दिली, तुम्ही घेतलेल्या हरकतीचं काय झालं, यावर एक अक्षर नसतं. क्रांती असोसिएट्स प्रकरण (२०१०) नेमकं एका आयोगाच्या, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या, बिनकारणाच्या आदेशाबद्दल होतं. अर्धन्यायिक संस्थेने (न्यायालय नसूनही न्यायनिवाडा करणाऱ्या संस्थेने) कारणं द्यायलाच हवीत आणि रबरी शिक्क्यासारखी कारणं चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने तिथे सांगितलं. याच्या जोडीला मोहिंदर सिंग गिल प्रकरण (१९७८) ठेवा. निवडणूक आयोगाच्या आदेशाबाबतचा तो निकाल सांगतो की आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच टिकला पाहिजे, मागाहून प्रतिज्ञापत्रातून नवी कारणं जोडता येत नाहीत. उद्या सरकारी वकील कोर्टात उभे राहून आदेशात नसलेलं कारण सांगू लागले, तर हा निकाल तुमच्या कामाला येईल.

दुसरी जागा सुनावणीची. नोटीस मिळाली होती का? तारखेच्या नंतर मिळाली का? असेल तर पाकीट जपून ठेवा, त्यावरचा टपालाचा शिक्का हाच तुमचा पुरावा. ऑनलाइन सुनावणीची लिंक आलीच नाही, किंवा कार्यालयाने ऐन वेळी लेखी खुलासा दिला आणि त्याची प्रत तुम्हाला मिळाली नाही, तर तो नैसर्गिक न्यायाचा, म्हणजे दोन्ही बाजूंना नीट ऐकून घेण्याच्या तत्त्वाचा, भंग ठरू शकतो. तुम्ही मात्र नोटीस मिळूनही गेला नसाल आणि कळवलंही नसेल, तर हा मुद्दा लंगडा पडतो.

तिसरी जागा अर्धवट निर्णयाची. अर्जात आठ मुद्दे होते, आदेश तीनच मुद्द्यांवर बोलतो. एका कागदावर तक्ता करा: मुद्दा, अधिकाऱ्याचं उत्तर, आयोगाचा निष्कर्ष. जिथे तिसरा रकाना कोरा राहतो, तिथे तुमचा आधार आहे. हा तक्ता पुढे याचिकेला जोडता येतो, आणि न्यायाधीशांना एका नजरेत प्रकरण कळतं.

चौथी जागा अपवादाच्या कलमांची. कलम १९(५) प्रमाणे माहिती नाकारणं योग्य होतं हे सिद्ध करायची जबाबदारी अधिकाऱ्यावर असते. अनेक आदेशांत हे ओझं नकळत अर्जदाराच्या खांद्यावर येतं: ‘अपिलार्थी माहिती का हवी हे सिद्ध करू शकले नाहीत’. माहिती का हवी हे सांगायला कलम ६(२) प्रमाणे तुम्ही बांधीलच नाही. ‘तपास सुरू आहे’ म्हणून कलम ८(१)(ज) लावलं असेल, तर माहिती दिल्याने तपासात नेमका कसा अडथळा येईल हे आदेशात आहे का बघा. दिल्ली उच्च न्यायालयाने भगत सिंग प्रकरणात (२००७) नुसता तपास चालू असणं पुरेसं मानलं नाही. तो निकाल मुंबईत बंधनकारक नाही, पण वाचून दाखवण्याजोगा आहे. त्रयस्थ व्यक्तीची माहिती म्हणून नाकारलं असेल, तर कलम ११ ची नोटीस त्या व्यक्तीला गेली होती का? फाइलचा काही भाग देता आला असता का, म्हणजे कलम १० चा विचार झाला का? सार्वजनिक हिताचं कलम ८(२) तुम्ही मांडलं होतं आणि आयोगाने त्याला हातही लावला नाही, असं झालंय का?

‘अभिलेख आढळून येत नाही’ हे उत्तर आयोगाने जसंच्या तसं स्वीकारलं असेल, तर तोही आधार आहे. शोध कुणी घेतला, कुठल्या दप्तरात घेतला, जबाबदारी कुणावर ठरली, हे विचारण्याचे अधिकार कलम १८ आणि १९(८) खाली आयोगाकडे आहेत. महाराष्ट्रात सार्वजनिक अभिलेखांसाठी २००५ चा स्वतंत्र अधिनियमही आहे. गहाळ म्हटलं की विषय संपला, असं होत नाही. गावातला फेरफार किंवा बांधकाम परवान्याची फाइल जेव्हा अशी नाहीशी होते, तेव्हा तिच्यावर कुणाचं तरी घर किंवा शेत अवलंबून असतं. म्हणून या मुद्द्यावर हार मानू नये असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

कुठे प्रकरण कमजोर असतं

हेही तितकंच प्रामाणिकपणे बघा, म्हणजे नको तिथे खर्च होणार नाही.

‘अमुक निर्णय का घेतला?’ असे प्रश्न अर्जात असतील, तर २००८ चा सेल्सा पिंटो निकाल आडवा येतो. गोवा राज्य माहिती आयोगाच्या आदेशाविरुद्धच्या त्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हटलं की एखादी गोष्ट का केली किंवा का केली नाही याचं समर्थन मागणं ही कायद्यातली ‘माहिती’ नव्हे. उपाय सोपा आहे: नवीन अर्ज करून त्या निर्णयाची टिप्पणी, पत्रव्यवहार आणि आदेशाची प्रत मागा.

एखाद्या कर्मचाऱ्याच्या मेमो, कारणे दाखवा नोटिसा, शिक्षा, मालमत्ता यांची माहिती मागितली असेल, तर गिरीश देशपांडे निकाल (२०१२) समोर ठेवला जाणारच. ते प्रकरण केंद्रीय माहिती आयोगाकडून नागपूर खंडपीठात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि अर्जदाराच्या विरुद्ध गेलं. त्यात भर म्हणून २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने वैयक्तिक माहितीबद्दलच्या कलम ८(१)(ञ) चे शब्दच बदलले आहेत. पूर्वी त्या कलमातच व्यापक सार्वजनिक हिताचा उल्लेख होता, तो गेला. त्यामुळे आता सगळा भर कलम ८(२) वर द्यावा लागतो. सार्वजनिक हित काय आहे ते ठोस लिहिल्याशिवाय अशा याचिकेत उतरू नका.

सहकारी संस्थेकडून थेट माहिती हवी असेल तर थलप्पलम निकाल (२०१३) वाचा. सरकारी भागभांडवल किंवा भरीव अर्थसाहाय्य असल्याशिवाय संस्था सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही. मात्र निबंधक कायद्याने संस्थेकडून जी माहिती मागवू शकतो, ती निबंधकाकडून मिळवता येते.

माहिती मिळाली, फक्त अधिकाऱ्याला दंड झाला नाही, एवढ्यासाठी उच्च न्यायालयात जावं का? माझं मत ‘शक्यतो नाही’ असं आहे. कलम २० ची शास्ती दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये. ती सरकारजमा होते, तुम्हाला मिळत नाही. तुमचं प्रत्यक्ष नुकसान झालं असेल तर कलम १९(८)(ख) खालची भरपाई हा वेगळा विषय आहे, आणि तो आयोगासमोर मांडलेला असेल तर लढण्यासारखा आहे.

वेळ आणि जागा

रिट याचिकेला ठरलेली मुदत नाही. पण उशीर झाला की न्यायालय पहिला प्रश्न तोच विचारतं. आदेश मिळाल्यापासून दोन-तीन महिन्यांत याचिका दाखल व्हावी असा हिशेब धरा. त्याहून उशीर झाला तर कारण, आजारपण असो की नक्कल उशिरा मिळणं असो, याचिकेतच तारखांसह लिहा. या काळात आयोगाकडे ‘पुनर्विलोकन अर्ज’ करत बसू नका. कायद्याने आयोगाला पुनर्विलोकनाचा अधिकार दिलेला नाही, आणि त्या अर्जाच्या उत्तराची वाट पाहण्यात महिने जातात. नाव किंवा तारीख चुकली असेल तर दुरुस्तीचं पत्र जरूर द्या.

आदेशाची प्रमाणित प्रत आयोगाकडून मागून घ्या. आयोगाच्या फाइलमधल्या कार्यालयाच्या खुलाशाची आणि रोजनाम्याची (तारखेवार कामकाजाच्या नोंदीची) प्रतही मागा. आयोग स्वतःही सार्वजनिक प्राधिकरण आहे, तिथेही माहितीचा अर्ज चालतो.

खंडपीठ जिल्ह्यावरून ठरतं. विदर्भातले अकरा जिल्हे नागपूरला. मराठवाडा आणि त्यासोबत अहिल्यानगर, जळगाव, धुळे, नंदुरबार हे औरंगाबाद खंडपीठाकडे, म्हणजे छत्रपती संभाजीनगरला. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आहे. कणकवली किंवा अक्कलकोटच्या माणसाला आता मुंबईची वारी करावी लागत नाही, ही फार मोठी सोय आहे. मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, पुणे, नाशिक यांचं काम मुंबईला चालतं, गोव्याचं पर्वरीला. नाशिक महसूल विभागातल्या लोकांनी विशेष लक्ष द्यावं: विभाग एक असला तरी नाशिक जिल्ह्याची याचिका मुंबईला आणि जळगावची संभाजीनगरला जाते. मुंबईत पुन्हा ओरिजिनल साइड (मूळ शाखा) आणि अपेलेट साइड (अपील शाखा) असे दोन भाग आहेत. बृहन्मुंबईतल्या कार्यालयाचं प्रकरण असेल तर कुठल्या बाजूला दाखल करायचं ते फाइलिंगच्या खिडकीवर आधी विचारून घ्या.

केंद्र सरकारच्या कार्यालयाचं प्रकरण असेल तर आदेश दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाचा असतो. तरीही दिल्लीला जायलाच हवं असं नाही. अनुच्छेद २२६(२) प्रमाणे वादाचं कारण अंशतः जिथे घडलं, तिथल्या उच्च न्यायालयात जाता येतं. अर्ज पुण्याच्या कार्यालयात केला आणि नकार तिथूनच आला, तर मुंबई उच्च न्यायालयात याचिका करता येते.

वकील, की स्वतः?

स्वतःची याचिका स्वतः चालवता येते. मुंबई उच्च न्यायालयाने त्यासाठी २०१५ मध्ये नियम केले आहेत. रजिस्ट्रीच्या (न्यायालयाच्या कार्यालयाच्या) अधिकाऱ्यांची समिती तुमचे कागद तपासते, तुमच्याशी बोलते, आणि तुम्ही न्यायालयाला नीट साहाय्य करू शकाल का ते ठरवते. तिथे भांडायला जाऊ नका. शांतपणे मुद्दे सांगता आले की झालं. तरी माझा सल्ला असा: पहिलीच वेळ असेल तर वकील घ्या, आणि असा घ्या ज्याने अपेलेट साइडला रिट याचिका चालवल्या आहेत. फी, टायपिंग, भाषांतर, झेरॉक्स यांचा वेगवेगळा आकडा आधी विचारा.

पैशांची अडचण असेल तर विधि सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ चं कलम १२ बघा. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. उच्च न्यायालयाची स्वतंत्र विधि सेवा समिती असते, अर्ज तिथे करायचा. १५१०० या क्रमांकावर चौकशी करता येते. हा हक्क आहे, मागताना संकोच वाटू देऊ नका.

याचिकेत काय असतं

उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे. तुमचे कागद मराठीत असणार, म्हणून अर्ज, उत्तर, दोन्ही अपिलं, आदेश यांचं इंग्रजी भाषांतर लागतं. भाषांतरात खर्च आणि वेळ दोन्ही जातं, तेव्हा आदेश येताच हे काम सुरू करा. आणि भाषांतर स्वतः तपासा. ‘माहिती उपलब्ध नाही’ आणि ‘माहिती देता येत नाही’ यांत कायद्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे, घाईत टाइप करणाऱ्याला तो जाणवेलच असं नाही.

सुरुवातीला तारखांचा तक्ता असतो. तो नेटका करा. अर्ज कधी, उत्तर कधी, अपील कधी, सुनावणी कधी, आदेश कधी. न्यायाधीश बहुधा तो सगळ्यात आधी वाचतात. मग वस्तुस्थिती, मग आधार, मग मागण्या, आणि शेवटी शपथेवरचं सत्यापन. कागद ‘एक्झिबिट’ म्हणून ए, बी, सी असे लावतात.

प्रतिवादी कोण? जन माहिती अधिकारी, प्रथम अपिलीय अधिकारी, आणि आयोग. ज्याचा आदेश रद्द करून हवा ते प्राधिकरण आणि ज्याच्या बाजूने आदेश झाला तो पक्ष, दोन्ही आवश्यक पक्षकार आहेत, असं उदित नारायण सिंग प्रकरणात (१९६३) ठरलेलं आहे. माहिती एखाद्या तिसऱ्या व्यक्तीची असेल तर तिलाही प्रतिवादी करा, नाहीतर त्याच मुद्द्यावर तारीख पडते. अधिकाऱ्यांना पदनामाने जोडा. आयुक्तांवर वैयक्तिक आरोप करायचा मोह टाळा. पुरावा नसताना ‘संगनमत’ हा शब्द याचिकेत आला की चांगले मुद्देही मागे पडतात.

आधार लिहिताना वर सांगितलेल्या चुकांपैकी सर्वांत भक्कम दोन-तीनच घ्या आणि प्रत्येकापुढे आदेशाचा परिच्छेद क्रमांक टाका. वीस आधारांची यादी कुणाच्याच लक्षात राहत नाही. आयोगासमोर न मांडलेला नवा मुद्दा इथे पहिल्यांदा काढणं अवघड जातं. म्हणून ज्यांचं द्वितीय अपील अजून प्रलंबित आहे, त्यांनी आजच लेखी युक्तिवाद आयोगात दाखल करून पोच घ्यावी. उद्या उच्च न्यायालयात तोच कागद बोलतो.

मागण्यांमध्ये पहिली: आयोगाचा अमुक तारखेचा आदेश रद्द करावा. दुसरी: माहिती देण्याचा आदेश द्यावा. तिसरी, पर्यायी: अपील आयोगाकडे फेरसुनावणीसाठी पाठवून ठरावीक मुदतीत निकाली काढायला सांगावं. प्रत्यक्षात याचिका यशस्वी झाली की बहुतेक वेळा ही तिसरीच मिळते. म्हणून ‘ठरावीक मुदतीत’ हे शब्द विसरू नका; ते नसतील तर तुमचं अपील पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन बसतं. आणखी एक अंतरिम मागणी जोडा: निकाल लागेपर्यंत मूळ फाइल नष्ट करू नये. कार्यालयांत ठरावीक वर्षांनी अभिलेख नष्ट होत असतात. फाइलच उरली नाही तर जिंकून हाती काय येणार?

दाखल केल्यानंतर

याचिका दाखल झाली की आधी स्टॅम्प नंबर (तात्पुरता क्रमांक) मिळतो. रजिस्ट्री कागद तपासून हरकती काढते: पान पुसट आहे, भाषांतर नाही, सही राहिली, कोर्ट फी कमी आहे. या हरकती मुदतीत दूर केल्या नाहीत तर याचिका सुनावणीविनाच फेटाळली जाऊ शकते. वकील दिला असला तरी हरकती निघाल्या का, हे स्वतः न्यायालयाच्या संकेतस्थळावर स्टॅम्प नंबर टाकून बघत राहा. हरकती दूर झाल्या की रिट याचिका क्रमांक पडतो आणि प्रकरण बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, येतं.

पहिल्या तारखेला पाच-दहा मिनिटं मिळाली तरी खूप. तेवढ्यात एकच गोष्ट सांगायची असते: आदेशातली सर्वांत ठळक चूक. न्यायालयाला दखल घ्यावीशी वाटली तर प्रतिवादींना नोटीस निघते. ‘हमदस्त’ परवानगी मागून घ्या. म्हणजे नोटीस तुम्ही स्वतः नेऊन बजावू शकता, आणि बजावल्याचं प्रतिज्ञापत्र दाखल करता. मग सरकारी वकिलांचं उत्तर येतं, त्याला तुम्ही प्रत्युत्तर देता. ‘रूल’ निघाला याचा अर्थ याचिका दाखल करून घेतली. ‘रूल अ‍ॅब्सोल्यूट’ म्हणजे मंजूर, ‘रूल डिस्चार्ज्ड’ म्हणजे फेटाळली. लहान प्रकरणं संमतीने पहिल्या काही तारखांतच अंतिम ऐकली जातात, तशी तयारी ठेवून जा.

कधीकधी सुनावणीत सरकारी वकीलच म्हणतात, माहिती देतो. अशा वेळी कोणती माहिती, किती पानं, कोणत्या तारखेपर्यंत, हे आदेशात नोंदवून घ्यायची विनंती करा.

आयोगाकडे तुम्ही जिंकलात, आणि कार्यालय कोर्टात गेलं

हेही वरचेवर घडतं. आदेश तुमच्या बाजूने लागला आणि माहिती अडचणीची असेल, तर उच्च न्यायालयात कॅव्हेट (मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये, अशी आगाऊ सूचना) दाखल करून ठेवा. ते ९० दिवस टिकतं, मग नव्याने करावं लागतं. त्यामुळे तुम्हाला न ऐकता स्थगिती मिळणं अवघड होतं. तरीही कागद न देता एकतर्फी अंतरिम स्थगिती झाली, तर ती उठवण्याचा अर्ज करा. असा अर्ज दोन आठवड्यांत निकाली काढावा असं अनुच्छेद २२६(३) सांगतो. नोटीस आल्यावर ‘मी साधा अर्जदार, मला काय त्याचं’ म्हणून घरी बसू नका. तुमच्या बाजूने बोलणारं कुणी नसेल तर न्यायालयापुढे एकच बाजू येते.

आयोगाने आदेश दिला पण कार्यालय तो पाळत नाही, किंवा द्वितीय अपील वर्षानुवर्षं सुनावणीलाच येत नाही, अशा वेळी याचिका वेगळ्या प्रकारची असते. कुठलाही आदेश रद्द करून नको असतो. कर्तव्य करायला भाग पाडा, एवढंच मागायचं असतं. आधी आयोगाला तारखांसह स्मरणपत्रं पाठवा, पोच ठेवा, मग जा. द्वितीय अपील किती दिवसांत निकाली काढावं याची मुदत कायद्यात नाही, पण त्याचा अर्थ अनंत काळ असा होत नाही.

निकालानंतर

उच्च न्यायालयाच्या अंतिम निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अनुच्छेद १३६ खाली विशेष अनुमती याचिका ९० दिवसांत करता येते. ती फार थोड्या प्रकरणांत दाखल करून घेतली जाते, आणि देशपांडे निकालासारखं उलट पडलं तर परिणाम देशभरच्या अर्जदारांना भोगावे लागतात. कायद्याचा खरोखर मोठा प्रश्न असेल तरच विचार करा.

प्रकरण आयोगाकडे परत गेलं असेल, तर निकालाची प्रमाणित प्रत तुम्हीच आयोगाच्या संबंधित खंडपीठाकडे नेऊन द्या. सोबत एक पानी पत्र जोडा: मूळ अपील क्रमांक, याचिका क्रमांक, न्यायालयाने दिलेली मुदत आणि ती कधी संपते ती तारीख. आवक शिक्का घ्या. त्याच पत्राची प्रत जन माहिती अधिकाऱ्यालाही पाठवा. मुदत संपायला पंधरा दिवस उरले आणि सुनावणीची नोटीस आली नाही, तर दुसरं पत्र द्या. मुदत संपूनही काही झालं नाही तर अवमान याचिकेचा मार्ग आहे. त्यासाठी या दोन पत्रांच्या पोच लागतील.